ठिसूळ नखे आणि रक्ताची परीक्षा

उज्जयिनीचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे महाकालाचे शिखर, क्षिप्रेचा घाट आणि राणोजी शिंद्यांच्या काळापासूनचा मराठी अंमल उभा राहतो. परंतु त्याच क्षिप्रेच्या काठी, जयसिंहपुऱ्यात, दगडचुन्याची काही चमत्कारिक बांधकामे आहेत. यात्रेकरूंची पावले तिकडे क्वचितच वळतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरच्या सवाई जयसिंहाने उभारलेली ही वेधशाळा. पुढे ती ओस पडली. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तिचे पहिले अधीक्षक झाले. तेथील सम्राट यंत्राच्या भिंतीची सावली सारखी पुढे सरकत असते. पण नुसते बघत राहणाऱ्याला ती जागच्या जागी वाटते. खूण करून काही वेळ थांबणाऱ्यालाच ती चालताना दिसते.

मनुष्याच्या शरीरावरही असेच एक मंदगतीचे यंत्र आहे आणि ते प्रत्येकाजवळ एक नव्हे, वीस आहेत. बोटाचे नख दिवसाला मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग पुढे सरकते. ते वाढते हे सर्वांना ठाऊक असते. वाढताना मात्र कोणी पाहिलेले नसते. अलीकडे त्वचारोगतज्ज्ञांनी ठिसूळ नखांवर एक नवा उपचार करून पाहण्यास आरंभ केला आहे. रोग्याचेच थोडे रक्त काढायचे, त्यातील बिंबाणू, म्हणजे ज्यांना डेंग्यूच्या साथीपासून घरोघरी ‘प्लेटलेट’ म्हणून ओळखतात ते सूक्ष्म कण, एकवटून घ्यायचे आणि तो द्रव सुईने नखाच्या मुळाशी सोडायचा. पीआरपी या अक्षरांनी हा उपचार ओळखला जातो. उपचार नवा आहे, पण त्याच्या मागे उभा असलेला प्रश्न फार जुना आहे. औषधाने गुण आला, की तो काळाने आला, हे ओळखावे कसे? नखाच्या बाबतीत हा प्रश्न जितका अवघड होतो तितका शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही भागात क्वचितच होत असेल.

नखाच्या या मंद चालीचा उपयोग प्रथम वैद्यांनी पंचांगासारखा करून घेतला. फ्रान्समधील ब्यो नावाच्या वैद्याने १८४६ साली असे दाखवून दिले की, मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या नखांवर आडव्या खोलगट रेषा उमटतात आणि रेषा मुळापासून किती दूर आहे हे मोजले तर दुखणे केव्हा येऊन गेले ते सांगता येते. शरीर संकटात असताना नखाची वाढ मंदावते आणि त्याची नोंद नखावर राहते. यापुढचा माणूस याहून चिकाटीचा. अमेरिकेतील विल्यम बीन या वैद्याने १९४१ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी एक चर पाडली आणि ती टोकापर्यंत पोहोचण्यास किती दिवस लागतात ते मोजले. मग पुन्हा चर, पुन्हा मोजणी. असे पस्तीस वर्षे चालले. आरंभी ते नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते. बीन सदुसष्ट वर्षांचे झाले तेव्हा हा वेग ०.०९५ वर आला होता. एका अंगठ्याची ही वेधशाळा होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

याला पुण्याचीही एक साक्ष आहे. श्रीधर चिल्लाळ यांनी १९५२ साली डाव्या हाताची नखे कापणे बंद केले आणि २०१८ साली न्यूयॉर्क येथे ती कापून घेतली. पाच नखांची मिळून लांबी नऊ मीटरांहून अधिक भरली. एकट्या अंगठ्याचे नख १९७.८ सेंटिमीटर होते. सहासष्ट वर्षांच्या दिवसांनी या लांबीला भागले तर दिवसाला सुमारे ०.०८ मिलिमीटर येतात. जगातील विक्रमांच्या पुस्तकासाठी जे नवल ठरले, ते बीन यांच्या आकड्यांशी बऱ्याच अंशी जुळणारे आहे. नवलाच्या गोष्टींना असा हिशेब लावून पाहिला की त्यांची गंमत कमी होत नाही, उलट वाढते.

आता ठिसूळपणाकडे वळू. नख म्हणजे केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे, एकावर एक बसविलेल्या कौलांसारखे थर. जिवंत भाग मुळाशी, कातडीच्या घडीखाली दडलेला असतो; पेशी तेथे जन्मतात, चपट्या होतात, मरतात आणि पुढे ढकलल्या जातात. म्हणूनच नखाच्या टोकाला जे आज फुटते ते काही महिन्यांपूर्वी मुळाशी घडलेले असते. ठिसूळपणाची रूपे मुख्यतः दोन. एकात नखावर उभ्या रेघा पडून ते उभे चिरते. दुसऱ्यात टोकाशी पापुद्रे सुटतात. सुमारे पाच माणसांत एकाला हा त्रास कमीअधिक प्रमाणात असतो, स्त्रियांना पुरुषांहून अधिक, आणि वयाबरोबर तो वाढतो.

हा नुसता सौंदर्याचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एक दिवस नखांवाचून काम करून पाहावे. डाळीतील खडा वेचणे, लसूण सोलणे, सुईत दोरा ओवणे, शर्टाचे वरचे बटण लावणे, ताटाला चिकटलेला कण खरवडणे, ही सारी नखाची कामे आहेत. चिरलेले नख साडीच्या काठात अडकते आणि ओढले की जिव्हारी लागते. शिवाय ज्यांची नखे अधिक फुटतात त्यांना ती जपण्याची सवड सर्वांत कमी असते. नख पाण्यात फुगते आणि वाळले की आकसते. दिवसातून वीस वेळा हे घडले म्हणजे थरांमधला सांधा सुटतो. धुणी-भांडी करणाऱ्या बायका, रुग्णालयातील परिचारिका, हॉटेलांतील पोरे यांचे हात पाहिले म्हणजे हे समजते. उज्जैनच्या भेरूगढ भागात छिपा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या मेणाचे छाप मारून कापड रंगवितात. त्यांच्या धंद्यात रंग, गरम मेण आणि पाणी यांच्यापासून हात दूर ठेवणे अशक्यच. अशा हातांना ‘पाण्यात हात घालू नका’ असा सल्ला देणे म्हणजे धंदा सोडा असे सांगणे होय.

जुन्या वैद्यांनी नखाकडे दुर्लक्ष केले नव्हते. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये कुनख नावाचा विकार सांगितला आहे: आघाताने नख रूक्ष, काळे आणि खरखरीत होते. वाग्भटाने नख आणि रोम हे अस्थिधातूचे मल मानले. ही उपपत्ती आजच्या शरीरशास्त्राला मान्य नाही; पण लोकांच्या मनात ती अजून ठाण मांडून बसली आहे, कारण नखे फुटू लागली की पहिला सल्ला मिळतो तो कॅल्शियम घेण्याचा. नखाचा टणकपणा मुख्यत्वे केराटिनातील गंधकयुक्त बंधांवर अवलंबून असतो, कॅल्शियमवर नव्हे. नख आणि हाड दोन्ही कठीण म्हणून त्यांचे नातेही एक, असे अनुमान आपण सहज करून टाकतो.

नाते बाहेरून जुळविण्याची ही खोड पश्चिमेलाही होतीच. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत ठिसूळ नखांसाठी जिलेटीन खाण्याची टूम निघाली. जिलेटीन जनावरांच्या खुरा-हाडां-कातड्यांतून काढतात. तेव्हा खुरातले खाल्ले की नख घट्ट होणार, असा सरळ हिशेब. १९५० च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांतून त्याच्या बाजूचे लेख आले, जिलेटिनाची विक्री वाढली आणि पुढे कसोटीच्या प्रश्नांपुढे तो दावा विरून गेला. त्यानंतर बायोटिन आले. घोड्यांचे आणि डुकरांचे खूर या जीवनसत्त्वाने सुधारतात असे पशुवैद्यांना आढळले होते. तेव्हा माणसांवर प्रयोग झाला. स्वित्झर्लंडमधील एका वैद्याने १९८९ साली पंचेचाळीस रोग्यांना रोज अडीच मिलिग्रॅम बायोटिन दिले आणि एक्केचाळीस जणांना निश्चित गुण आल्याचे कळविले. पुढल्याच वर्षी काही नखांची जाडी सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढल्याचेही सूक्ष्मदर्शकाखाली दिसले.

एक्केचाळीस हा आकडा ऐकून कोणाचेही समाधान व्हावे. परंतु त्या पंचेचाळीस जणांच्या शेजारी बायोटिन न घेणारे दुसरे पंचेचाळीस बसविले नव्हते. गुण येण्यास सरासरी साडेपाच महिने लागले होते. साडेपाच महिन्यांत सगळे नख नवे येते, ऋतू बदलतो, आणि आपण औषध घेतो आहोत या जाणिवेने माणूस हातांना तेल लावू लागतो, हातमोजे वापरतो, नखे कातरताना जपतो. यांपैकी कशाने गुण आला? आज बायोटिन बाजारात मुबलक विकले जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली इशारा दिला की, मोठ्या मात्रेतील बायोटिनामुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येऊ शकतात. हृदयविकाराचा झटका ओळखण्याची तपासणीही त्यांत आहे. नखासाठी घेतलेली गोळी हृदयाच्या निदानाला फसवू शकते, हे घेणाऱ्याला कोण सांगणार?

आणि आता रक्त. रक्ताशी वैद्यकाचा व्यवहार हजारो वर्षे एकाच दिशेने चालला होता, तो म्हणजे काढण्याच्या. सुश्रुताने जळवांचे बारा प्रकार वर्णिले, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. जळू कशी लावावी, कशी सोडवावी, हेही बारकाईने लिहिले. युरोपात तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रक्त काढण्याचा अतिरेक झाला. एकट्या फ्रान्सने १८३३ या एका वर्षात चार कोटींहून अधिक जळवा परदेशांतून आणविल्या. त्याच वेळी पॅरिसमध्ये पिएर लुई नावाचा एक वैद्य रुग्णालयातील कागद घेऊन मोजत बसला होता. फुप्फुसदाहाच्या सत्त्याहत्तर रोग्यांपैकी ज्यांचे रक्त पहिल्या चार दिवसांत काढले ते एक्केचाळीस, ज्यांचे नंतर काढले ते छत्तीस. पहिल्यांपैकी अठरा दगावले, दुसऱ्यांपैकी नऊ. लवकर रक्त काढल्याने जीव वाचतो ही जी सर्वमान्य समजूत होती, तिचा आधार या साध्या मोजणीपुढे डळमळला. लुई यांनी नवे औषध शोधले नाही, शस्त्रक्रिया शोधली नाही. त्यांनी दोन रकाने आखले. वैद्यकाच्या इतिहासात याहून मोठे काम करणारी माणसे थोडीच आहेत.

रोग्याचे रक्त काढून त्यालाच परत टोचण्याची कल्पनाही आजची नव्हे. पॅरिसमधील पॉल रावो या त्वचारोगतज्ज्ञाने १९१३ साली काही त्वचाविकारांवर हा प्रयोग प्रसिद्ध केला: शिरेतून रक्त घ्यायचे आणि गोठण्यापूर्वी स्नायूत टोचायचे. पुढील दोन-तीन दशके हा उपचार युरोपात लोकप्रिय होता. ज्यांना गुण आला त्यांनी तो सांगितला. ज्यांना आला नाही ते गप्प राहिले. शेजारचा रकाना कोणी आखला नाही. प्रतिजैविके आली तेव्हा तो मागे पडला. पण तो का मागे पडला याचे उत्तर देता येत नाही, तसेच तो का चालत होता याचेही देता येत नाही. उपचार असा निघून जाणे हे एका अर्थी तो खोटा ठरण्यापेक्षाही वाईट, कारण तो केव्हाही नव्या नावाने परत येऊ शकतो.

मध्यंतरी रक्ताविषयीचे ज्ञान मात्र फार पुढे गेले. १९०१ साली व्हिएन्नात लँडस्टायनर यांनी रक्तगट दाखविले. १९५२ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की ते नेहमीच्या कोणत्याच गटाशी जुळेना. ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ते जगभर ओळखले जाते. ज्याचा हा गट, त्याला त्याच गटाच्या माणसाचे रक्त लागते आणि असा माणूस हजारोंत एखादा. दुसऱ्याचे रक्त घेण्यात केवढा धोका दडलेला असतो याचा हा धडा मराठी मातीतच गिरविला गेला. स्वतःच्या रक्ताला मात्र ही अडचण नाही. पीआरपीचे आकर्षण बऱ्याच अंशी यातच आहे. आपलेच रक्त, ते आपल्याला अपाय कसा करील? हा युक्तिवाद मनाला पटतो. मात्र अपाय होत नाही याचा अर्थ उपाय होतो असा नव्हे.

बिंबाणूंना स्वतंत्र अस्तित्व मिळवून दिले ते इटलीतील तुरीनच्या बिझोझेरो यांनी, १८८२ साली. जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्यांतून वाहणारे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना दिसले की, वाहिनीला इजा होताच हे चिमुकले चपटे कण तेथे धावून जातात आणि एकमेकांना चिकटून भोक बुजवितात. बरीच वर्षे त्यांचे एवढेच काम समजले जात होते. १९७४ साली अमेरिकेत रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी एक सुबक प्रयोग केला. काचपात्रात वाढविलेल्या पेशींना गोठलेल्या रक्ताचा द्रव घातला की त्या भराभर वाढत. बिंबाणू आधीच काढून टाकलेल्या रक्ताचा द्रव घातला तर वाढत नसत. म्हणजे बिंबाणू फुटताना काही तरी सोडतात आणि त्या कशाने तरी पेशी जोमाने वाढतात. भोक बुजविणारा गवंडी जाताना बांधकामाचे सामान मागवून जातो, असे हे झाले. डेव्हिड नाइटन यांनी १९८६ साली न भरणाऱ्या जखमांवर याचा उपयोग केला. रॉबर्ट मार्क्स यांनी १९९८ साली जबड्याच्या अठ्ठ्याऐंशी रोग्यांच्या कलमांत बिंबाणूंनी समृद्ध असा रक्तद्रव घालून हाड लवकर पक्व होते असे दाखविले, आणि तेथून हे तंत्र दंतवैद्य, अस्थिवैद्य आणि त्वचावैद्य अशा सर्वांच्या दवाखान्यांत शिरले. केस गळणे, चेहऱ्यावरचे व्रण, गुडघेदुखी, खेळाडूंच्या दुखापती. यादी लांबतच गेली.

करण्याची रीत अवघड नाही. दहा-वीस मिलिलिटर रक्त, ते गोठू नये म्हणून नळीत सायट्रेट, मग सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरविणे. जड तांबड्या पेशी तळाशी जातात, वर पिवळसर द्रव राहतो. तो पुन्हा फिरविला म्हणजे बिंबाणू खालच्या भागात एकवटतात. वरचा विरळ द्रव टाकून द्यायचा. रक्तात एका सूक्ष्मलिटरला दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. या द्रवात ते तीन ते पाच पट व्हावेत अशी अपेक्षा असते. परंतु किती वेगाने फिरवावे, किती वेळ, एकदा की दोनदा, याविषयी एकमत नाही. एका दवाखान्यातील पीआरपी आणि दुसऱ्यातील पीआरपी या एका नावाच्या दोन भिन्न वस्तू असू शकतात. गोळीचे तसे नसते; गोळीवर वजन छापलेले असते.

या लोकप्रियतेला पहिला जोराचा धक्का हॉलंडमधून बसला. तेथील द व्होस आणि सहकाऱ्यांनी टाचेच्या शिरेच्या जुन्या दुखण्याचे चौपन्न रोगी घेतले. निम्म्यांना पीआरपी टोचले, निम्म्यांना मिठाचे पाणी, आणि कोणाला काय मिळाले हे ना रोग्याला ठाऊक ना तपासणाऱ्याला. २०१० साली निकाल आला. पीआरपीवाले सुधारले होते. मिठाच्या पाण्याचेही सुधारले होते. दोहोंत उल्लेखनीय फरक नव्हता. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील बेनेल आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी रोग्यांवर अशीच परीक्षा केली. तिचेही उत्तर तेच. यावरून पीआरपी सर्वत्र निरुपयोगी आहे असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण गुडघा वेगळा आणि नखाचे मूळ वेगळे. पण मिठाच्या पाण्याचा रकाना नसता तर या दोन्ही ठिकाणी विजयाचे नगारे वाजले असते.

ठिसूळ नखांवरील पीआरपीच्या परीक्षा अजून लहान आहेत, रोगी थोडे आहेत. अशी परीक्षा उज्जैनसारख्या शहरात होऊ शकते आणि तेथे ती होण्यात औचित्यही आहे. आगर रस्त्यावर सुरासा येथे २००१ साली सुरू झालेले रुक्मणीबेन दीपचंद गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आहे. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या सहकार्याने तेथील संशोधकांनी प्रतिजैविकांचा वापर कोठे, किती आणि कसा होतो याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या आहेत. मोजत बसण्याची संथ विद्या उज्जैनला नवखी नाही. नखाच्या परीक्षेला लागते तेही फार नाही: सेंट्रिफ्यूज, नळ्या, भिंग, कॅमेरा, आणि सहा महिने दम धरणारी माणसे.

ती कशी करावी? प्रथम निवड. नखाला बुरशी लागली असेल, थायरॉइडचा दोष असेल, सोरायसिस असेल, तर ठिसूळपणाचे कारण वेगळे आणि उपचारही वेगळा. रक्तक्षयाचे तर विशेष पाहिले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या आपल्या देशातील सत्तावन्न टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोहाच्या अभावी नखे पातळ होतात, चमच्यासारखी खोलगट होतात, फुटतात. जिला लोहाच्या स्वस्त गोळ्यांची गरज आहे तिचेच रक्त काढून ते हजारो रुपयांच्या उपचाराच्या नावाने तिला परत टोचणे, याला काय म्हणावे? जे नखाने तुटेल तेथे कुऱ्हाड कशाला, असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर नखासाठीच कुऱ्हाड उचलली जाते.

निवडीनंतर वाटणी. नखांच्या परीक्षेत निसर्गानेच एक सोय करून ठेवली आहे. माणसाला हात दोन असतात. एका हाताला पीआरपी, दुसऱ्याला मिठाचे पाणी; आहार तोच, वय तेच, ऋतू तोच, घर तेच. नखे उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा किंचित वेगाने वाढतात. माळव्यातला कोरडा वैशाख आणि ओला श्रावण नखाला सारखे नसतात. दोन हातांच्या तुलनेत ही सारी वजने दोन्ही पारड्यांत समान पडतात. मात्र कोणता हात कोणत्या द्रवाला हे चिठ्ठी टाकून ठरविले पाहिजे, कारण ज्या हाताने माणूस काम करतो त्याचे नख थोडे अधिक वाढते आणि थोडे अधिक झिजतेही.

येथे एक साधी गोष्ट विसरली तर सगळी परीक्षा फुकट जाते. पीआरपी पिवळसर असते, मिठाचे पाणी नितळ. रोगी सुईकडे पाहतोच. तेव्हा दोन्ही सुयांच्या नळ्या अपारदर्शक पट्टीने गुंडाळल्या पाहिजेत. दुसरी गोष्ट दुखण्याची. बोटाच्या टोकाइतकी जाणीव शरीराच्या थोड्याच भागांना असते. नखाच्या मुळाशी सुई ही हसतखेळत घेण्याची वस्तू नाही. मिठाच्या पाण्याची सुईही तितकीच दुखते. ज्या हाताला काहीच लाभ होणार नाही त्यालाही हे दुःख द्यायचे, तेव्हा रोग्याला त्याच्या भाषेत, सावकाश, सर्व सांगूनच त्याची संमती घेतली पाहिजे आणि महाविद्यालयाच्या नीतिसमितीने ती कशी घेतली हे पाहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट पुस्तकांत फारशी लिहिलेली नसते. सुई टोचून घेतलेली बाई चार दिवस भांडी घासत नाही. घरातले कोणी तरी तिचे काम करते. बोटे दुखतात म्हणून ती पाण्यात हात घालत नाही, रात्री तेल लावते. महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा हे घडले की नखांना पाण्यापासून जी विश्रांती मिळते तिनेच ती सुधारू लागण्याचा संभव आहे. म्हणजे औषध रक्तात नसून त्या चार दिवसांच्या सुट्टीत असेल! दोन हातांच्या परीक्षेत हेही उघडे पडते: दोन्ही हात सारखेच सुधारले तर उत्तर सुट्टीच्या बाजूने जाते. आणि असे उत्तर आले तर भेरूगढच्या कारागिराला आणि मोलकरणीला सुईपेक्षा कापसाचे अस्तर लावलेले रबरी हातमोजे देणे अधिक उपयोगाचे ठरेल.

एवढे झाल्यावर काय मोजणार हे आधी लिहून ठेवावे लागते. भारतात अशा परीक्षांच्या सरकारी नोंदवहीचा आरंभ २००७ साली झाला आणि २००९ पासून नव्या औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंद सक्तीची झाली. नोंद आधी केली की नंतर गोलपोस्ट हलविता येत नाही. नखांची जाडी वाढली नाही तर चमक वाढली, चमक वाढली नाही तर रोगी खूश आहे, अशी पळवाट राहत नाही. आणि परीक्षा अपयशी ठरली तरी ती झाली होती याची खूण राहते. रावो यांच्या काळी असे काही असते तर त्यांच्या उपचाराचे काय झाले ते आज सांगता आले असते.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर, अगदी मुळाशी, बीन यांच्यासारखी एक बारीक रेघ ओढावी. ती अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ओढली तर टोकाशी पोहोचेपर्यंत दसरा जवळ आलेला असेल. तोपर्यंत जे काही दिसते ते जुने नख. रेघेच्या मागून येणारे तेवढेच उपचाराचे. दर महिन्याला ठरावीक अंतरावरून, ठरावीक उजेडात छायाचित्र घ्यावे, आणि ती सारी छायाचित्रे शेवटी अशा वैद्यापुढे ठेवावीत की ज्याला डावा कोणता, उजवा कोणता, आणि पिवळा द्रव कोणत्या हाताला मिळाला, यांतले काहीच ठाऊक नाही.